स्तोयेस्पाल: उभ्या-उभ्या झोपलेल्या माणसाचं आडनाव आणि ते इतकं दुर्मिळ का

अर्न्स्ट स्तोयास्पाल हे नाव जुन्या फुटबॉलच्या नादी लागलेल्यांनाच माहीत असेल. व्हिएन्नाचा पोरगा, जन्म १९२५ चा, ऑस्ट्रियाचा फॉरवर्ड. १९५४ च्या वर्ल्ड कपमध्ये ऑस्ट्रियाने झ्युरिकला चेकोस्लोव्हाकियाला ५-० असं धुतलं त्यात दोन गोल याचे होते, पुढे तिसऱ्या नंबरच्या मॅचमध्ये उरुग्वेविरुद्ध पेनल्टीवर अजून एक मारला. पण त्याचं आडनाव जर्मन नाहीये. ज्या देशाविरुद्ध त्याने ते दोन गोल मारले तिथलंच आहे, चेक, आणि त्यातही मोराव्हियाच्या, म्हणजे चेक देशाच्या पूर्वेकडच्या भागाच्या, घडणीचं.

मूळ रूप स्तोयेस्पाल. फोड केली तर 'स्तोये' म्हणजे उभ्याने आणि 'स्पाल' म्हणजे झोपला. आख्खं वाक्यच आडनाव होऊन बसलंय. कोण झोपला, पहाऱ्यावर झोपला का खळ्यावर, हे कुठल्या दप्तरात लिहिलेलं नाही आणि अशा आडनावांच्या ज्या मजेशीर कहाण्या सांगतात त्या जवळपास सगळ्या नंतर रचलेल्या असतात, त्यामुळे मी तरी त्यात शिरत नाही. नक्की एवढंच की गावाने कुणाचं तरी एक वागणं पकडलं, त्याला तीच हाक पडली, आणि ती हाक त्याच्या नातवंड-पतवंडांच्या नावामागे लागली.

चेक लोकांत हा प्रकार एकटादुकटा नाही. मोराव्हियात, खास करून ओलोमोउत्स, प्रोस्त्येयोव्ह, प्रशेरोव्ह या हाना नावाच्या सुपीक पट्ट्यात भूतकाळी क्रियापदांची आडनावं भरभरून सापडतात. नवरातिल म्हणजे परतला, पोस्पिशिल म्हणजे घाई केली, विस्कोचिल म्हणजे उडी मारून बाहेर आला, नेझ्वाल म्हणजे बोलावलं नाही (कवी वीत्येझ्स्लाव नेझ्वाल मोराव्हियाचाच), ओद्लोझिल म्हणजे बाजूला ठेवलं किंवा पुढे ढकललं. मार्टिना नवरातिलोवा आपल्या सगळ्यांच्या ओळखीची, तिचं आडनाव यातलंच, फक्त ते तिला सावत्र वडलांकडून मिळालं, जन्माची ती शुबेर्तोवा.

मराठी कानाला ही नावं लगेच भिडतात कारण आपलाही भूतकाळ ल वरच चालतो, परतला, झोपला, बोलावलं. अर्थात दोन्हीकडचा ल वेगवेगळ्या वाटांनी आलाय, आपला प्राकृतातल्या -इल्ल मधून, तेव्हा त्यावरून कुणी नातं जोडायला जाऊ नये. पण एक गोष्ट बघण्यासारखी आहे. चेकमध्ये बाई परतली तर क्रियापद 'नवरातिला' होतं, आणि तरी बाईचं आडनाव नवरातिला नसतं, नवरातिलोवा असतं. म्हणजे त्या शब्दातलं क्रियापद कधीच गोठलं, आता ते नुसतं नाव आहे.

भूतकाळवाल्यांपलीकडे आणखी विचित्र वाक्यं आहेत. स्कोच्दोपोले म्हणजे शेतात उडी मार. नेयेझ्ख्लेबा म्हणजे ब्रेड खाऊ नको. वीताम्वास म्हणजे तुमचं स्वागत आहे. द्राहोकोउपिल म्हणजे महाग विकत घेतलं. राद्सेतोउलाल म्हणजे भटकायची आवड होती त्याला. ओसोलसोब्ये म्हणजे तुझं तू मीठ घालून घे, आणि या आडनावाचे इव्हो ओसोलसोब्ये हे ब्रनोचे नाट्यअभ्यासक होते, चांगले नावाजलेले. ही सगळी खरी माणसांची आडनावं आहेत, आजची.

आता मुख्य प्रश्न, नवरातिल ढिगाने आणि स्तोयेस्पाल हाताच्या बोटांवर असं का. माझ्या मते याचं उत्तर पहिल्या पिढीतच आहे. लढाईवरून, मजुरीवरून, दुसऱ्या जमीनदाराच्या गावातून परत येणारा माणूस प्रत्येक गावात असायचा, त्यामुळे नवरातिल हे आडनाव एकमेकांशी काही संबंध नसलेल्या कितीतरी घरांत वेगवेगळं जन्मलं. उभ्याने झोपल्यावरून नाव पडणं हे असं पुन्हापुन्हा घडत नाही, ते एखाद्याच ठिकाणी घडलं असणार. म्हणून दोन नवरातिल भेटले तर नातं असेलच असं नाही, पण दोन स्तोयेस्पाल भेटले तर मागे कुठेतरी एकच अंगण असण्याची शक्यता खूप मोठी. दुर्मिळ आडनाव म्हणजे खानदानी किंवा फार प्राचीन अशी एक समजूत सगळीकडे असते, तिला इथे काही आधार नाही. ही कुणबाऊ घरांची टोपणनावं आहेत.

शिवाय त्या काळी आडनाव आजच्यासारखं रक्ताला चिकटलेलं नव्हतं, घराला चिकटलेलं होतं. एखादा गडी दुसऱ्याच्या शेतघरात लग्न करून गेला की त्याला त्या घराचं नाव लागायचं, बापाचं राहून जायचं. तीस वर्षांच्या युद्धात (१६१८ ते १६४८, मध्य युरोप उद्ध्वस्त करणारं) तर ओलोमोउत्स १६४२ ते १६५० स्वीडिश फौजांच्या ताब्यात होतं, आजूबाजूची गावं उजाड झाली, घरंच्या घरं रिकामी पडली. युद्धानंतर मोराव्हियात जमीनकराच्या वह्या झाल्या त्यात बऱ्याच ठिकाणी आधीचा धारक कोण आणि आताचा कोण अशी दोन्ही नावं सापडतात, आणि ती शेजारी-शेजारी वाचताना कळतं की किती नावं एका पिढीत पुसली गेली आणि किती नावं नव्या माणसांनी जुन्या घराबरोबर उचलली. वंशावळ शोधणारे इथेच अडखळतात, नाव तेच पण वंश दुसरा.

हे सगळं थांबवलं सम्राट दुसऱ्या योसेफने, मोराव्हियावर तेव्हा त्याच्या व्हिएन्नाच्या हॅब्सबर्ग घराण्याचं राज्य होतं. १७८४ मध्ये जन्म, लग्न, मृत्यूच्या चर्चमधल्या नोंदी सरकारी नियमाखाली आल्या आणि १७८६ मध्ये कायमचं, वारशाने चालणारं आडनाव सक्तीचं झालं, कारण सरकारला सैन्यभरती आणि करवसुलीसाठी माणूस ओळखता यायला हवा होता. त्या घडीला ज्याच्यामागे जे लागलं होतं ते पक्कं झालं.

स्पेलिंग मात्र पक्कं व्हायला अजून वेळ होता. जुन्या चेक छपाईत य च्या उच्चाराला जी (g) हे अक्षर लिहायचे आणि व ला डब्ल्यू. १८४० च्या दशकातल्या सुधारणांनी हे बदललं. म्हणजे स्तोयेस्पाल जुन्या वहीत g घालून लिहिलेला सापडू शकतो आणि ज्याला हे माहीत नाही तो 'नोंद नाही' म्हणून पान उलटतो. पुढे माणसं व्हिएन्नाला गेली तिथे वेगळंच. १९ व्या शतकाच्या शेवटी बोहेमिया (चेक देशाचा पश्चिमेकडचा भाग) आणि मोराव्हियातून विटभट्ट्या, शिवणकाम, घरकाम यासाठी लोंढे गेले, १९०० च्या जनगणनेत व्हिएन्नात चेक बोलणारे लाखाच्या वर नोंदले गेले, आणि ही मोजणी मातृभाषेची नव्हती, रोजच्या वापरातल्या भाषेची होती, त्यामुळे खरे किती असतील ते समजून घ्या. अक्षरांवरच्या खुणा तिथे गळल्या, पोस्पिशिल जर्मन वळणाने लिहिला जाऊ लागला, आणि स्तोयेस्पाल स्तोयास्पाल म्हणून दिसू लागला.

दुर्मिळ आडनावावर दुसरा घाव निव्वळ गणिताचा असतो. इंग्लंडात फ्रान्सिस गॉल्टन या शास्त्रज्ञाने १८७३ मध्ये हाच प्रश्न मांडला होता, आडनावं मरतात का आणि किती वेगाने, आणि हेन्री वॉटसन नावाच्या पाद्र्याबरोबर १८७४ मध्ये त्यावर पेपर काढला. आडनाव फक्त मुलग्यांकडून पुढे जात असेल तर ज्या नावाची सुरुवातच एका घरातून झाली त्याला एका पिढीत सगळ्या मुलीच झाल्या, किंवा मुलगे लहानपणीच गेले, तर संपलं. त्यात चेक कायद्यात हास्यास्पद किंवा अपमानकारक वाटणारं आडनाव बदलून घ्यायची सोय आहे, शाळेत चिडवलं गेलेल्या पोराने मोठं होऊन साधं आडनाव घेतलं तर त्याला दोष कसा देणार, पण एक मोहरा कमी होतोच.

आणि आकडे बघताना एक सांभाळा. चेक याद्यांमध्ये नोवाक आणि नोवाकोवा अशी पुरुषांची-बायकांची आडनावं वेगळी मोजली जातात. नोवाक हे तिथलं सगळ्यात मोठं आडनाव, नुसते पुरुषच तीस हजारांच्या वर, तिथे एक रूप विसरलं तरी क्रमात काही बिघडत नाही, पण जिथे मुळात मूठभर माणसं तिथे एकच रूप बघितलं तर निम्मं कुटुंब गायब होतं. ओसोलसोब्येसारखी काही नावं बाईलाही जशीच्या तशी लागतात, तिथे बेरीज करायला गेलात तर उलटी चूक. १ जानेवारी २०२२ पासून तर चेक बायकांना कुठलंही कारण न देता -ओवा सोडून मूळ रूप घेता येतं, म्हणजे आता स्तोयेस्पाल या एका रूपाखाली पुरुष आणि बायका दोघंही येऊ शकतात आणि जुन्या याद्यांशी नव्या याद्या ताडताना आकडा वाढलेला दिसला तर ती वाढ नव्या जन्मांचीच असेल असं नाही.