मालाची आवक आता परचेस ऑर्डरवर: स्टॉक दुप्पट चढू नये म्हणून

शॉपिफायवर, म्हणजे ऑनलाइन दुकानाच्या सॉफ्टवेअरवर, दुकान चालवणाऱ्या आमच्या ग्राहकांसाठी हे माहितीपत्रक आहे. पुरवठादाराकडून येणारा माल पूर्वी 'ट्रान्सफर'मध्ये नोंदवता यायचा. तेवढेही न करता प्रॉडक्टच्या पानावर आकडा वाढवला तरी काम भागायचे. आता पुरवठादाराच्या मालासाठी 'परचेस ऑर्डर', म्हणजे पुरवठादाराला दिलेल्या मागणीची नोंद, वेगळी आहे, आणि 'ट्रान्सफर' उरले आहे ते तुमच्याच एका जागेतून दुसऱ्या जागेत, म्हणजे गोदामातून दुकानात वगैरे, माल हलवण्यापुरते. आकडा हाताने वाढवायची सोय मात्र अजून आहेच, आणि बहुतेक घोळ तिथेच होतो. गोदामातला माणूस परचेस ऑर्डरवर माल 'रिसीव्ह' करतो, म्हणजे आलेला म्हणून नोंदवतो. दुकानातला सवयीने प्रॉडक्टच्या पानावर तोच आकडा पुन्हा चढवतो. स्क्रीनवर माल भरपूर दिसतो, ऑर्डरी येत राहतात आणि रॅक रिकामा असतो.

नियम एकच ठेवा: पुरवठादाराचा माल फक्त परचेस ऑर्डरवरून चढवायचा. हाताने आकडा बदलायचा तो फक्त चूक दुरुस्त करायला, मोजणीनंतर किंवा माल खराब झाला तर. ज्यांचे काम आवक घेण्याचे नाही त्यांच्या लॉगिनमधून इन्व्हेंटरी (मालाचा साठा) बदलण्याची परवानगी काढून टाका. सूचनांचा कागद भिंतीवर लावून हे होत नाही.

पाच आकडे, पाच अर्थ

'ऑन हँड' म्हणजे त्या जागेवर प्रत्यक्ष असलेला माल. त्याचे तीन भाग पडतात: 'अव्हेलेबल', म्हणजे विकायला मोकळा, 'कमिटेड', म्हणजे ऑर्डर आली पण अजून पाठवला नाही तो, आणि 'अनअव्हेलेबल', म्हणजे खराब, तपासणीतला किंवा राखून ठेवलेला. पाचवा 'इनकमिंग': मागवलेला, पण अजून दारात न आलेला. इनकमिंग ऑन हँडमध्ये धरला जात नाही.

समजा एका कुर्तीच्या एल साइझचे ३१ नग ऑन हँड आहेत. त्यातले १४ कमिटेड, १७ अव्हेलेबल. तुम्ही २४० नग मागवले, १२-१२ ची २० खोकी. परचेस ऑर्डर तयार करून 'मार्क ॲज ऑर्डर्ड' केले की इनकमिंग २४० होते, बाकी काही बदलत नाही. गाडी आली. १९ खोकी पूर्ण निघाली, विसावे फाटलेले, त्यात ७ नग. एकूण २३५. उघडून पाहिल्यावर ६ नगांची शिवण उसवलेली. नोंद अशी करायची: ॲक्सेप्ट २२९, रिजेक्ट ६. राहिलेल्या ५ नगांना हात लावायचा नाही. ऑर्डर अर्धवट रिसीव्ह झालेली दिसेल आणि इनकमिंग ५ राहील. ऑन हँड २६०, कमिटेड १४, अव्हेलेबल २४६.

याच वेळी दुसऱ्याने प्रॉडक्टच्या पानावर आणखी २२९ चढवले, तर ऑन हँड ४८९ आणि अव्हेलेबल ४७५ होते. डोळ्यांसमोर आकडे असूनही हे चटकन कळत नाही, कारण स्टॉक जास्त दिसला की कोणी तक्रार करत नाही. ग्राहकाला 'माल नाही' म्हणून पैसे परत करायची वेळ येते तेव्हा उलगडा होतो.

रिजेक्ट की खराब?

रिजेक्ट केलेले नग ऑन हँडमध्ये येतच नाहीत. म्हणजे ते तुमच्या गोदामात पडलेले असतात, पण कुठल्याच आकड्यात नसतात. म्हणून त्यांच्या खोक्यावर परचेस ऑर्डरचा नंबर, तारीख आणि 'परत' असे मोठ्या अक्षरांत लिहा आणि खोके रॅकपासून लांब ठेवा. नाही तर पुढच्या मोजणीत कोणीतरी ते मोजणारच.

पुरवठादाराकडे परत जाणारा माल असेल तरच रिजेक्ट करा. बटण बसवून, डाग काढून विकता येण्यासारखा असेल तर ॲक्सेप्ट करा आणि लगेच अनअव्हेलेबलमध्ये 'क्वालिटी कंट्रोल'खाली टाका. तो ऑन हँडमध्ये दिसतो, पण विक्रीला लागत नाही. दुरुस्त झाला की अव्हेलेबलमध्ये परत आणा. रिजेक्टबदली पुरवठादार नवे ६ नग देणार असेल तर त्यासाठी वेगळी परचेस ऑर्डर करा. उरलेले ५ येणारच नाहीत असे ठरले, तर मूळ ऑर्डर बंद करा. तसे केले नाही तर इनकमिंगमध्ये ते ५ महिनोन्महिने लटकत राहतात आणि पुन्हा माल मागवताना हिशेब चुकतो.

दारात माल उतरवताना

आधी खोकी मोजा, मग बिल्टीवर (ट्रान्सपोर्टच्या पावतीवर) सही करा. खोके फाटलेले किंवा कमी असेल तर बिल्टीच्या प्रतीवर तसा शेरा मारा: '१९ पूर्ण, १ फाटलेले, आत ७ नग'. नुसती सही केली की तूट ट्रान्सपोर्टवाल्याची की पुरवठादाराची, हा वाद तुमच्या गळ्यात पडतो.

बिल खोक्यांत किंवा डझनात असते, शॉपिफाय मात्र नग मोजते. 'क्वांटिटी २०' असे बिलावर पाहून २० चढवणे ही दुप्पट चढवण्याखालोखाल सगळ्यात जास्त दिसणारी चूक आहे. परचेस ऑर्डर करतानाच नगांत करा. किंमतही नगाची घाला. इनपुट टॅक्स क्रेडिट (खरेदीवर भरलेल्या जीएसटीची वजावट) घेत असाल तर ती जीएसटी वगळून घाला, नाही तर नफ्याचा आकडा खोटा येईल.

बारकोड स्कॅन करून घेणार असाल तर एम, एल, एक्सएल प्रत्येकाला वेगळा बारकोड हवा. दोन साइझना एकच बारकोड असेल, तर माल भलत्याच साइझवर चढतो आणि बेरीज जुळत असल्यामुळे चूक दिसतही नाही. बारकोडची फाइल एक्सेलमध्ये उघडताना जपा: ८९० ने सुरू होणारा तेरा आकडी नंबर तिथे सहज '८.९ई+१२' असा होऊन बसतो. तशीच सेव्ह केली की शेवटचे आकडे गेले, ते परत येत नाहीत. फाइल 'इम्पोर्ट'ने आत घ्या आणि तो रकाना 'टेक्स्ट' ठेवा.

एकापेक्षा जास्त जागा असतील तर रिसीव्ह करण्याआधी परचेस ऑर्डरवरची 'डेस्टिनेशन' (माल ज्या जागेवर चढणार ती) पाहा. गोदामात उतरलेला माल दुकानाच्या नावावर चढला तर ऑर्डर दुकानाकडे जाते, आणि दुकानात तो नग नसतो.

बिल, जीएसटी आणि लेखी तक्रार

एका बिलाचा माल हप्त्याहप्त्याने येत असेल, तर सीजीएसटी कायद्याच्या कलम १६(२) प्रमाणे त्या बिलाचे इनपुट टॅक्स क्रेडिट शेवटचा हप्ता हाती आल्यावरच घेता येते. म्हणजे वरच्या उदाहरणात ते ५ नग येणार की नाही हे ठरवणे केवळ स्टॉकचे काम नाही. येणार नसतील तर पुरवठादाराकडून क्रेडिट नोट (बिलाची रक्कम कमी केल्याचा कागद) मागा. रिजेक्ट केलेल्या ६ चीही मागा. परचेस ऑर्डरवरचा रिसीव्ह झालेला आकडा आणि बिलाचा आकडा यांत फरक असेल तेव्हा टॅलीत (हिशेबाच्या सॉफ्टवेअरमध्ये) बिल चढवणाऱ्याला तो त्याच दिवशी कळला पाहिजे.

पुरवठादार सूक्ष्म किंवा लघु उद्योग असेल, तर मालाबद्दलची तक्रार डिलिव्हरीपासून १५ दिवसांच्या आत लेखी करा. तशी केली नाही तर डिलिव्हरीचा दिवसच माल स्वीकारल्याचा दिवस धरला जातो आणि पैसे देण्याची मुदत तिथून मोजली जाते. लेखी करार असला तरी ती ४५ दिवसांपलीकडे जात नाही. फोनवर सांगितलेले यात चालत नाही.

नव्या पद्धतीवर जाण्याचा दिवस

गणपती-दिवाळीच्या तोंडावर हे करू नका. ज्या दिवशी गाडी येणार नाही असा दिवस निवडा. आदल्या रात्री इन्व्हेंटरीची सीएसव्ही फाइल काढून ठेवा. स्टॉक बदलणारी सगळी जोडलेली ॲप थांबवा, विशेषतः टॅलीतून आकडा आणून तोच शॉपिफायवर बसवणारी. असे ॲप 'इतके वाढव' म्हणत नाही, 'इतकेच आहे' म्हणते. तुम्ही नुकताच रिसीव्ह केलेला माल ते पुढच्या फेरीत पुसून टाकते. आवक शॉपिफायमध्ये घ्यायची की टॅलीत, हे ठरवूनच ते परत चालू करा.

मग मोजणी. रॅकवर मोजलेला आकडा ऑन हँडमध्ये घाला, अव्हेलेबलमध्ये नाही. वरच्याच उदाहरणात मोजलेले ३१ अव्हेलेबलच्या रकान्यात घातले, तर कमिटेडचे १४ धरून ऑन हँड ४५ होते. दारात कुरिअरची वाट बघत असलेली पार्सले वेगळी काढा: ऑर्डर 'फुलफिल्ड' झाली, म्हणजे पाठवली अशी नोंद झाली असेल तर ती ऑन हँडमधून आधीच वजा झालेली असतात, मोजू नका. पॅक केली पण फुलफिल्ड केली नाहीत, ती मोजा.

शेवटी, अर्धवट आलेल्या जुन्या मागण्या परचेस ऑर्डरवर घ्या, पण फक्त उरलेल्या नगांच्या. मूळ १०० पैकी ६० आले असतील तर नवी ऑर्डर ४० ची. १०० ची केली तर कोणीतरी एके दिवशी सगळे १०० रिसीव्ह करून टाकेल.

दुप्पट चढले असेल तर

रिसीव्ह झालेल्या परचेस ऑर्डरशी खेळू नका. त्या प्रॉडक्टची इन्व्हेंटरी हिस्टरी उघडा. एकाच आकड्याच्या दोन नोंदी दिसतील: एक परचेस ऑर्डरच्या नावाने, दुसरी कर्मचाऱ्याच्या. हाताने चढवलेली नोंद तेवढीच वजा करा आणि बदलाचे कारण म्हणून 'करेक्शन' निवडा. त्याआधी माल प्रत्यक्ष मोजा, कारण मधल्या काळात विक्री झालेली असते. अव्हेलेबल उणे गेले तर तेवढ्या ऑर्डरी मालाविना घेतल्या गेल्या आहेत. त्या ग्राहकांना त्याच दिवशी कळवा.

वूकॉमर्स (वर्डप्रेसवरचे दुकानाचे सॉफ्टवेअर) वापरणाऱ्यांसाठी: मूळ सॉफ्टवेअरमध्ये परचेस ऑर्डर नाही, त्यासाठी प्लगइन लागते. 'मॅनेज स्टॉक' साइझवर चालू आहे की मूळ प्रॉडक्टवर, हे आधी पाहा. साइझवर बंद आणि मूळ प्रॉडक्टवर चालू असेल तर सगळ्या साइझ एकाच साठ्यातून विकल्या जातात, आणि एल संपली तरी ती विकायला दिसत राहते.

आकडे जुळत नसतील आणि आमच्याकडे विचारायचे असेल तर परचेस ऑर्डरचा नंबर, जागेचे नाव, त्या प्रॉडक्टच्या इन्व्हेंटरी हिस्टरीचा स्क्रीनशॉट आणि बिलाचा फोटो पाठवा. तोवर त्या प्रॉडक्टचा आकडा कोणी बदलू नये.