लॅपटॉप तापणे व त्यावरील उपाय (कोकण किनारा)

लॅपटॉपच्या आत तयार होणारी उष्णता वेळेवर बाहेर पडली नाही की यंत्र आधी गरम होते, मग मंदावते आणि अगदीच टोकाला गेले तर आपणहून बंद पडते. याला रोजच्या भाषेत ‘लॅपटॉप तापणे’ म्हणतात. प्रोसेसर जेवढी वीज घेतो ती जवळजवळ सगळी अखेर उष्णताच होते. पातळ, हलक्या लॅपटॉपमध्ये ती साधारण १५ वॉट, तर खेळ किंवा व्हिडिओ संपादनासाठीच्या जाड यंत्रांत ४५ वॉट आणि त्याहून जास्त भरते. ही उष्णता तांब्याच्या चपट्या, बंद नळीतून पंख्यापर्यंत जाते. नळीत कमी दाबाखाली थोडेसे पाणी असते. प्रोसेसरकडच्या टोकाला त्याची वाफ होते, पंख्याकडच्या टोकाला तिचे पुन्हा पाणी होते. तिथे पातळ धातूच्या पात्यांची चळत असते आणि पंखा तिच्यातून हवा फुंकतो. बरेच प्रोसेसर १०० अंश सेल्सिअसच्या आसपास पोचले की जीव वाचवण्यासाठी स्वतःचा वेग कमी करतात. ‘लॅपटॉप स्लो झाला, नवा घ्यायला हवा’ ही तक्रार पुष्कळदा इथेच उगम पावते.

कोकणात विदर्भासारखा ४५ अंशांचा उन्हाळा नसतो. किनाऱ्यावर एप्रिल-मेच्या दुपारी पारा बहुधा ३२ ते ३५च्या घरात राहतो. जीव नकोसा होतो तो दमटपणामुळे, आणि म्हणून लॅपटॉपही दमट हवेनेच तापतो असे सर्रास मानले जाते. ते खरे नाही. माणूस घाम वाळवून थंड होतो आणि दमट हवेत घाम वाळत नाही. लॅपटॉपला घाम येत नाही. त्याला कळते ते फक्त हवेचे तापमान आणि तिचा झोत. खोली १२ अंशांनी जास्त गरम असेल तर तेवढ्याच कामाला आणि पंख्याच्या तेवढ्याच वेगाला प्रोसेसरही साधारण १२ अंशांनीच जास्त तापतो. बहुतेक कंपन्या वापरासाठी खोलीच्या तापमानाची वरची मर्यादा ३५ अंश देतात. म्हणजे देवगडची मे महिन्यातली दुपार त्या मर्यादेला टेकूनच असते. पत्र्याखालची पडवी तर ती सहज ओलांडते. कौलाखालचे माजघर त्या मानाने बरे.

दमट, खाऱ्या हवेचा खरा उपद्रव वेगळा आहे. किनाऱ्यालगतच्या घरात तीन-चार वर्षे वापरलेला लॅपटॉप उघडला की पंखा आणि पात्यांची चळत यांच्यामध्ये एक पट्टी सापडते. कपड्यांचे तंतू, केस, जांभ्याची तांबूस माती असे सगळे ओलीने एकमेकांना धरून बसलेले असते. चिमट्याने धरून ओढले तर ती नमद्याच्या तुकड्यासारखी सबंध निघते. कोरड्या प्रदेशातली धूळ फुंकरीने उडते, ही उडत नाही. पंखा जिवाच्या आकांताने फिरतो, पण मागच्या जाळीशी हात धरला तर वारा लागत नाही, अशी अवस्था झाली की पट्टी बसली असे समजावे. बाहेरून ब्लोअर मारल्याने ती अर्धवटच हलते. मागचे झाकण उघडून, पंख्याचे पाते बोटाने अडवून सफाई करावी लागते. न अडवता वारा मारल्यास पाते भलत्या वेगाने फिरून पंखाच जायचा. याच वेळी प्रोसेसरवरची सुकलेली थर्मल पेस्ट, म्हणजे त्याची उष्णता नळीकडे पोचवणारा लेप, बदलून घेणे सोयीचे.

बैठकीकडेही पाहायला हवे. अनेक लॅपटॉप पोटाखालून हवा ओढतात आणि बिजागरीकडून बाहेर टाकतात. तळाच्या रबरी पायांमुळे मिळणारी दोन-तीन मिलिमीटरची फट हाच त्यांचा श्वास. गोधडीवर किंवा झोपाळ्यावर मांडीत घेतले की ती फट बुजते. जेवणाचा साधा लाकडी पाट खाली घेतला तरी काम भागते. पंख्यांचा कूलिंग पॅड पोटाला जाळी असलेल्या यंत्रांनाच विशेष उपयोगी पडतो. बाकीच्यांसाठी तो महागडा पाटच. व्हिडिओसारखे जड काम दुपारी टाळून पहाटे, मतलई वारा असताना उरकावे. हिशेब, आंब्याच्या ऑर्डरी, घरगुती निवासाचे बुकिंग एवढेच काम असेल तर विंडोजच्या पॉवर ऑप्शन्समध्ये ‘मॅक्झिमम प्रोसेसर स्टेट’ १००ऐवजी ९९ टक्के करावे. बऱ्याच लॅपटॉपवर त्याने टर्बो वेग, म्हणजे प्रोसेसरची नेहमीपेक्षा जास्तीची धाव, बंद होतो. कामात फरक जाणवत नाही, पंखा मात्र लगेच शांत होतो.

बर्फाची पिशवी किंवा फ्रीज हे उपाय मात्र किनाऱ्यावर घातक. हवा ३२ अंश आणि आर्द्रता ७० टक्के असेल तर दवबिंदू सुमारे २६ अंशांवर येतो, म्हणजे त्याहून थंड असलेल्या कोणत्याही वस्तूवर पाणी धरते. सणाला गावी निघालेला चाकरमानी एसी डब्यातून कुडाळला उतरतो तेव्हा चष्म्यावर धुके चढते. तेच बॅगेतल्या गार लॅपटॉपच्या आतही होऊ शकते. घरी पोचल्यावर बॅग न उघडता तास-दोन तास तशीच ठेवावी, मग यंत्र सुरू करावे.

बॅटरीला उष्णता प्रोसेसरपेक्षाही कमी सोसते. सतत चार्जरवर असणाऱ्या यंत्रात चार्जिंग ८० टक्क्यांवर थांबवण्याची सोय असल्यास ती चालू ठेवावी. टचपॅड वर उचलला गेला किंवा झाकण नीट मिटेना, तर बॅटरी फुगली आहे. ती दाबू वा टोचू नये, वापर थांबवून बदलून घ्यावी.

पावसाळ्यात तापण्याची तक्रार कमी होते आणि यंत्र कपाटात जाते, तिथे दुसरीच गंमत सुरू होते. ओलीने पंख्याचे बेअरिंग धरते, ॲल्युमिनियमच्या पात्यांवर पांढरी भुकटी येते. आठवड्यातून तासभर लॅपटॉप चालू ठेवला तर त्याच्याच उष्णतेने आतली ओल सुकते. नाहीतर दसऱ्याला उघडल्यावर पहिला ऐकू येतो तो पंख्याचा खरखराट.