परड्यातली माती आणि तंबाखूचे पाणी : पार्श्वभूमी

बेळगाव, खानापूर, चिकोडी, निपाणी या पट्ट्यात घरामागच्या परड्यात भाजी लावणाऱ्याला दोन प्रश्न पडतातच. माती कशाने धरेल आणि कीड कशाने आवरेल? पहिल्याची उत्तरे गेल्या तीस-चाळीस वर्षांत बरीचशी ठरून गेली आहेत. दुसऱ्यावर अजून एकमत नाही, आणि सगळ्यांत जास्त मतभेद आहेत ते तंबाखूच्या काढ्यावर. रसायने नकोत म्हणणाऱ्यांच्याच घरात हा काढा उकळतो, आणि त्यांच्यातलेच काही जण त्याला हात लावायला तयार नसतात. निपाणीच्या वखारींतून निघणारा चुरा इथे सहज मिळतो, त्यामुळे हा वाद सीमाभागाला अगदी घरचा आहे.

जुन्या काळाचे थोडक्यात सांगता येईल. चालुक्यांच्या काळात, १०२५ च्या सुमारास, कन्नडात लिहिलेल्या एका ग्रंथात झाडांच्या रोगांवरचे उपचार आहेत. परड्यापर्यंत मात्र जे पोचले ते ग्रंथातून आले नाही. न्हाणीचे पाणी अळूला आणि केळीला, शेण आणि गोठ्यातला केर उकिरड्यात, चुलीची राख दोडक्याच्या आणि भोपळ्याच्या पानांवर, हा क्रम घराघरात होता. राखेने मावा आणि तांबडे भुंगे काही दिवस तरी दूर राहतात, आणि पावसाने ती धुपली की पालाश (पोटॅश) मातीत जाते. शेतात उन्हाळ्यात मेंढरं बसवायची आणि धनगराला धान्य द्यायचे, हाही त्याच हिशेबाचा भाग. शहापूर, वडगाव, येळ्ळूरच्या शिवारात भात निघाल्यावर उरलेल्या ओलीवर मसूर, वाटाणा, हरभरा घेतला जाई. नत्र (नायट्रोजन) हा शब्दही माहीत नसलेल्या लोकांनी पिढ्यान्‌पिढ्या जमिनीत नत्र भरले ते असे.

इथे एक गोष्ट लक्षात ठेवावी लागते, कारण पुढच्या सगळ्या सल्ल्यांत ती हरवते. एकाच जिल्ह्यात जमिनी दोन टोकांच्या आहेत. खानापूर आणि बेळगावच्या पश्चिमेला तांबडी, जांभ्याची, आम्लाकडे झुकणारी माती. घाटालगतचा पाऊस तिच्यातला चुना आणि अन्नद्रव्ये धुऊन नेतो. पूर्वेला गोकाक, रायबाग, अथणीकडे पाऊस निम्म्याहून कमी आणि जमीन काळी. उसाला पाणी पाजून पाजून तिथली बरीच शिवारे खारवट किंवा चोपण (क्षारांनी घट्ट झालेली, पाणी न मुरणारी) झाली. खानापुरात राख टाकली तर आम्लता कमी होते. अथणीच्या काळ्या मातीत तीच राख ओंजळीपेक्षा जास्त झाली की अपाय करते. शेणखत मात्र दोन्हीकडे चालते. तांबड्या मातीत ते पाणी धरते, काळ्या मातीला पोकळ करते. मराठी वाचणाऱ्या घरांत शेतीचा सल्ला मुख्यतः कोल्हापूर, सांगली, पुण्याकडून आला. तो तिकडच्या जमिनींना धरून लिहिलेला असे, आणि खानापूरच्या परड्यात तो जसाच्या तसा लावला की पालेभाजी पिवळी पडे.

साठीच्या दशकाच्या उत्तरार्धात संकरित बियाण्यांबरोबर खताच्या पिशव्या आल्या. ते सर्वांना माहीत आहे. परड्यात मात्र आधी शिरली ती पावडर. डीडीटी आणि बीएचसी घरात ढेकणांसाठी असायचेच, तेच वांग्यावर आणि कोबीवर धुरळले जाई. डीडीटीचा शेतीतला वापर १९८९ मध्ये थांबवला गेला, बीएचसीवर १९९७ मध्ये बंदी आली. या दोन तारखांच्या मधल्या वर्षांत अनेक घरांत राख मागे पडली आणि डबा पुढे आला. चुलीच गेल्या, गॅस आला, तेव्हा राख मिळणेही बंद झाले. ट्रॅक्टरने बैल गेले, त्यांच्याबरोबर शेण गेले. आज बेळगाव शहराच्या उपनगरांत शेणखताची ट्रॉली मागवावी लागते, आणि ती ज्या गोठ्यातून येते तिथे जनावरांना काय खाऊ घातले हे कुणी विचारत नाही.

माती सुधारण्याच्या ज्या पद्धती आज परड्यात आहेत, त्यांचा उगम या पट्ट्याबाहेरचा आहे. थर रचून, उलथून कंपोस्ट करण्याची इंदूर पद्धत १९३१ मध्ये प्रसिद्ध झाली. विदर्भातल्या एका कार्यकर्त्याच्या नावाची आद्याक्षरे लागलेली नाडेप टाकी, भोके ठेवलेल्या विटांची, १० फूट लांब, ६ फूट रुंद, ३ फूट उंच, नंतरच्या काळात गावोगाव अनुदानावर बांधली गेली. तिचा मोठा गुण असा की थोड्या शेणात भरपूर पालापाचोळा कुजतो. मग गांडूळखत आले. त्यासाठी वापरले जाणारे लाल गांडूळ कुजत्या कचऱ्यात राहणारे आहे, जमिनीत खोल बिळे करणारे नाही. शेण, गोमूत्र आणि गुळाचे जीवामृत नावाचे द्रावण वापरणाऱ्यांचा, म्हणजे जीवामृतवाल्यांचा, गांडूळखतावर रोष आहे तो मुख्यतः यामुळे. त्यांचे हे निरीक्षण बरोबर आहे, त्यावरून काढलेला निष्कर्ष ताणलेला. कचऱ्याचे खत करायला ते गांडूळ चांगलेच आहे, मातीत काम करायला देशी गांडुळे लागतात, आणि ती मातीवर पालापाचोळ्याचे आच्छादन असले की आपोआप येतात.

जीवामृताची कृती साधी आहे: २०० लिटर पाणी, १० किलो शेण, १० लिटर गोमूत्र, २ किलो गूळ, २ किलो बेसन, मूठभर माती, हे एका एकराला. गुळाचा मुलूख असल्याने इथे ते लवकर रुजले. परड्याला त्याचा विसावा भागही पुष्कळ होतो. मात्र जीवामृतातून अन्नद्रव्ये फार थोडी मिळतात. ते जिवाणूंना चालना देते, आणि त्या जिवाणूंना खायला मातीत पालापाचोळा असावा लागतो. उघड्या, तापलेल्या वाफ्यावर जीवामृत ओतत राहण्याने काही साधत नाही. कर्नाटकाने २००४ मध्ये स्वतंत्र सेंद्रिय शेती धोरण आणले, तेव्हापासून या साऱ्या पद्धती सरकारी कार्यक्रमांतही आल्या.

कीड आवरण्याच्या इतिहासात या भागाला वळण मिळाले ते २००२ मध्ये. त्या वर्षी सांगलीकडे उसावर लोकरी मावा दिसला आणि लवकरच बेळगावच्या ऊसपट्ट्यात उतरला. उभ्या उसात माणूस शिरू शकत नाही, फवारा पोचत नाही, पाने चिकट होऊन काळी पडतात. फवारण्या झाल्या, पैसे गेले. शेवटी आवर घातला तो माव्याला खाणाऱ्या कीटकांनी. शेतकरी ज्याला कोनोबाथ्रा म्हणत ती अळी, मायक्रोमस नावाचा नाजूक पंखांचा कीटक आणि पुढे एन्कार्सिया ही चिमुकली गांधीलमाशी. ज्या शेतात मित्रकीटक आहेत तिथली पाने तोडून दुसऱ्या शेतात नेऊन लावली जात. मित्रकीटक हा शब्द तोवर पुस्तकी होता. लोकरी माव्यानंतर तो चिकोडी-रायबागच्या चावडीवर बोलला जाऊ लागला. परड्यातल्या माव्याकडे पाहण्याची रीतही तेव्हाच बदलली: चवळीवर मावा दिसला तर माव्याला खाणारे ढालकिडे आलेत का हे आधी पाहायचे, पंपाला हात नंतर.

तंबाखूच्या काढ्याचा वाद नेमका इथून तापला, कारण काढा मित्रकीटकांनाही सोडत नाही.

तंबाखूचे पाणी कीडनाशक म्हणून वापरण्याची पद्धत युरोपात सतराव्या शतकाच्या अखेरीपासून आहे. १८२८ मध्ये त्यातले निकोटीन वेगळे केले गेले. आपल्याकडच्या कृषी पुस्तिकांतली जुनी कृती अशी: अर्धा किलो तंबाखू साडेचार लिटर पाण्यात अर्धा तास उकळायचा किंवा दिवसभर भिजवायचा, १२० ग्रॅम साबण वेगळा विरघळवून त्यात घालायचा, गाळून सहा-सात पट पाणी मिसळायचे आणि माव्यावर फवारायचे. परिणाम खात्रीचा असतो. पुढे नैसर्गिक शेतीच्या अग्निअस्त्रातही गोमूत्र, कडुनिंबाचा पाला, हिरवी मिरची आणि लसूण यांच्याबरोबर तंबाखू आला, आणि सरकारी पुस्तिकांनी ती कृती उचलली.

दुसऱ्या बाजूला, निकोटीन सल्फेटचा देशातला वापर १९९२ मध्ये बंद झाला. निर्यातीसाठी उत्पादनाला परवानगी राहिली. घरी उकळलेल्या काढ्याला मात्र कुठलाच कायदा लागू झाला नाही. अमेरिकेच्या सेंद्रिय नियमांनी, जे २००२ पासून लागू आहेत, तंबाखूची भुकटी नैसर्गिक असूनही थेट मनाईच्या यादीत ठेवली. म्हणजे एकाच वस्तूला एक पुस्तिका अस्त्र म्हणते, एक अधिसूचना बाजारातून हटवते आणि एक नियमावली नाकारते.

काढ्याच्या बाजूने बोलणाऱ्यांचे म्हणणे निराधार नाही. निकोटीन उन्हात आणि हवेत लवकर विरते, महिनोन्‌महिने मातीत राहत नाही. माल फुकट किंवा स्वस्त आहे. दुकानातले महाग औषध घेण्यापेक्षा ते बरे, हा त्यांचा हिशेब. पण विरुद्ध बाजूचे मुद्दे मला जास्त वजनदार वाटतात, आणि त्यांतला एक या भागासाठी निर्णायक आहे.

निकोटीन कीटकांच्या मज्जासंस्थेवर आघात करते आणि निवड करत नाही. माव्याबरोबर ढालकिडाही मरतो, मधमाशीही. ते माणसाच्या कातडीतूनही शिरते. ओल्या तंबाखूची तोडणी करणाऱ्यांना होणारी मळमळ आणि चक्कर याच कारणाने होते. उघड्या हातांनी काढा पिळणाऱ्या बाईला हे कुणी सांगत नाही. आणि निर्णायक मुद्दा विषाणूचा. तंबाखूच्या पानावर ठिपके पाडणारा मोझॅक विषाणू वाळलेल्या पानात वर्षानुवर्षे टिकतो. टोमॅटो आणि मिरची तंबाखूच्याच कुळातली, त्यामुळे तो त्यांनाही लागतो. तो मरायला सुमारे ९० अंशांच्या वर १० मिनिटे तरी लागतात. अर्धा तास उकळलेल्या काढ्यात तो बहुधा उरत नाही. थंड पाण्यात भिजवलेल्या काढ्यातून, चुरा हाताळलेल्या हातांतून आणि बादलीतून मात्र तो थेट रोपावर जातो. संकेश्वरी मिरचीचे गाव निपाणीपासून फार लांब नाही. ज्या तालुक्यांत परड्यात मिरचीची दहा झाडे हमखास असतात, तिथे भिजवलेल्या तंबाखूचे पाणी फवारणे म्हणजे माव्याच्या बदल्यात पाने आकसवणारा रोग घरात आणणे. या रोगावर औषध नाही, झाड उपटावे लागते.

या वादात निंबोळी अर्क मागे राहतो, हे मला खटकते. ५ किलो निंबोळी पावडर १०० लिटर पाण्यात, परड्यासाठी लिटरला ५० ग्रॅम, रात्रभर भिजवून, गाळून, थोडा साबण घालून संध्याकाळी फवारायचा. कीड लगेच मरत नाही, तिचे खाणे आणि वाढणे थांबते, म्हणून लोकांना तो कमकुवत वाटतो. पूर्वेच्या कोरड्या तालुक्यांत कडुनिंब भरपूर आहे. खानापूरच्या पावसाळी भागात तो कमी, तिथे निंबोळ्या उन्हाळ्यातच गोळा करून किंवा विकत आणून सावलीत वाळवून ठेवाव्या लागतात.

अलीकडचे टप्पे वेगाने आले. २०१६ च्या नियमांनी ओला कचरा घरातच वेगळा करणे बंधनकारक झाले आणि बेळगावात गच्चीवर कंपोस्टच्या बादल्या दिसू लागल्या. २०१९ च्या ऑगस्टात कृष्णा, घटप्रभा आणि मलप्रभेच्या पुराने नदीकाठची परडी गाळाखाली गेली. गाळात कस होता, पण तो घट्ट बसला आणि पहिल्या हंगामात त्यात हवाच खेळली नाही. ज्यांनी ताग पेरून फुलोऱ्यावर गाडला त्यांची जमीन लवकर सुटली. २०२० च्या टाळेबंदीत बागा वाढल्या. नोव्हेंबर २०२४ मध्ये केंद्राने २,४८१ कोटींच्या नैसर्गिक शेती मोहिमेला मंजुरी दिली. तिच्यात गावपातळीवर जीवामृतासारखी द्रव्ये तयार करून देणाऱ्या केंद्रांची तरतूद आहे. अशा केंद्रांवर अग्निअस्त्राचे ड्रम येतील तेव्हा त्यात तंबाखू उकळलेला आहे का, आणि तो मिरचीला चालेल का, हे कन्नड आणि मराठी दोन्हींत लिहिलेले असले पाहिजे.

वखारीतल्या चुऱ्याचे काय करायचे, याला काढ्यापेक्षा चांगले उत्तर निपाणीकडे आधीपासून आहे. काड्या आणि चुरा शेणात मिसळून उकिरड्यात कुजवला की निकोटीन जिवाणू मोडून टाकतात आणि पालाश उरते. पूर्ण कुजलेले ते खत नारळाला, केळीला, फुलझाडांना द्यायला हरकत नाही. टोमॅटो, मिरची, वांगी आणि बटाटा असलेल्या वाफ्यात मात्र ते टाकू नये, कारण विषाणू कुजण्यातून पूर्ण जातोच असे नाही.