पायाभूत सस्पेन्शन जुळणी

शर्यतीच्या नव्या गाडीचे सस्पेन्शन, म्हणजे चाकांना गाडीशी जोडून धक्के झेलणारी स्प्रिंग-शॉकअ‍ॅब्झॉर्बरची रचना, पहिल्यांदा मोजून बसवणे आणि ती मापे वहीत लिहून ठेवणे. ही सर्वांत वेगवान जुळणी नसते. पुढचा बदल फसला तर याच आकड्यांवर परत येता येते, म्हणून तिचे मोल. विदर्भातल्या खेड्यांतून आलेल्या मुलांना हे काम बहुधा 2007 साली सुरू झालेल्या ‘बाहा एसएईइंडिया’ या अभियांत्रिकी विद्यार्थ्यांच्या खडबडीत वाटेवरच्या गाड्यांच्या स्पर्धेची गाडी बांधताना पहिल्यांदा भेटते.

सुरुवात जमिनीपासून होते. गोदामाचा कोबा डोळ्यांना सपाट दिसला तरी नसतो. गवंड्याची पाणीनळी चारही चाकांच्या जागी धरून पातळी पाहावी आणि कमी असेल तिथे प्लायचे तुकडे घालावेत. ही पायरी गाळली तर पुढचे सगळे आकडे खोटे ठरतात. चालकाच्या वजनाइतका तुरीचा कट्टा सीटवर बांधावा. टायरची हवा सकाळी सावलीतच मोजावी. मे महिन्यात पारा 45 अंशांपर्यंत चढतो आणि उन्हात उभ्या गाडीच्या टायरमधला दाब वाढतो.

मग गाडीची उंची ठरवून प्रत्येक चाकाखालचे वजन घ्यावे. चार काटे नसतील तर अडत्याकडचा एकच काटा चालतो, बाकी तीन चाकांखाली त्याच उंचीचे ठोकळे हवेत. पुढचे एक आणि मागचे त्याच्या तिरकस समोरचे चाक मिळून एकूण वजनाच्या निम्म्याच्या जवळपास यावे. कॅम्बर, म्हणजे समोरून पाहता चाकाचा आत-बाहेर कल, ओळंब्याने आणि टो, म्हणजे वरून पाहता चाकाचे तोंड आत की बाहेर वळले आहे ते, दोन्ही बाजूंनी समांतर ताणलेल्या सुतळीने मोजता येतो.

स्प्रिंगचा हिशेब मात्र कागदावरच करावा लागतो. चाक 10 मिमी उचलले असता स्प्रिंग 7 मिमी दबत असेल, तर 20 न्यूटन प्रति मिमीची स्प्रिंग चाकापाशी 20 × 0.7 × 0.7 (0.7 एकदा अंतरासाठी, एकदा जोरासाठी), म्हणजे 9.8 न्यूटन प्रति मिमी इतकीच भरते. त्या कोपऱ्यावर 60 किलो स्प्रिंगभार, म्हणजे स्प्रिंगने तोललेले वजन, असेल तर कंपनसंख्या साधारण 2 हर्ट्झ, म्हणजे सेकंदाला दोन हेलकावे, येते. शॉकअ‍ॅब्झॉर्बरचा कडकपणा कमी-जास्त करणाऱ्या खुंटीचे क्लिक मोजून मध्यावर ठेवावेत.

चाचणी पांदणीवर किंवा पडीक वावरात घेतात. ओली काळी माती चाकांना लिपटून गाडीचे वजनच बदलते, म्हणून पावसानंतर वाफसा येईपर्यंत थांबावे. एका वेळी एकच बदल करावा. दिवसाच्या शेवटी पायाभूत आकड्यांवर परत येऊन तीच फेरी पुन्हा मारावी. वेळ सकाळपेक्षा वेगळी आली, तर दिवसभरात बहुधा जमीनच बदललेली असते.