घोड्यांच्या वैरणीतील काड

धान्य काढून घेतल्यावर पिकाचे जे वाळलेले देठ आणि पाने उरतात, त्यांना काड म्हणतात. गहू, जव, ओट आणि भात यांचे काड तबेल्यात अंथरतात, तसेच घोड्यांना खाऊही घालतात. खाऊ घालण्याची रीत फार जुनी आहे. बायबलच्या जुन्या करारात शलमोन राजाच्या घोड्यांसाठी जव आणि काड पुरवल्याचा उल्लेख येतो. पश्चिम आशियात मळणीत चुरडलेले मऊ काड जवाबरोबर देतात. आपल्याकडचा गव्हाचा भुसा त्याच प्रकारचा. जर्मनीत बारीक कापलेले काड ओटमध्ये मिसळत. त्यामुळे घोडा दाणे अधाशीपणे न गिळता चावून खाई.

गव्हाच्या काडात प्रथिने साधारण 3 ते 4 टक्केच असतात. फॉस्फरस, तांबे आणि जस्तही कमी असते. बाकी बहुतेक भाग तंतूंचा, आणि त्यातही न पचणारे लिग्निन बरेच.

बैल भुशावर तग धरतो, मग घोडा का नाही, असे विचारले जाते. बैलाच्या जठराच्या पहिल्या मोठ्या कप्प्यात सूक्ष्मजीव तंतू कुजवतात आणि पुढे लहान आतड्यात ते सूक्ष्मजीवच प्रथिने म्हणून पचतात. घोड्यात हे कुजवण्याचे काम लहान आतड्याच्या पुढे, अंधनाल (मोठ्या आतड्याच्या सुरुवातीची पिशवी) आणि मोठ्या आतड्यात चालते. तिथे तयार होणाऱ्या मेदाम्लांपासून घोड्याला ऊर्जा मिळते. सूक्ष्मजीवांतली प्रथिने मात्र बहुतांशी लिदीबरोबर बाहेर जातात. त्यामुळे नुसत्या काडावर ठेवलेला घोडा पोट भरलेले दिसूनही आतून खंगतो. गुरांचा अनुभव घोड्याला जसाच्या तसा लावणे म्हणूनच चूक आहे.

तरीही काड टाकाऊ नाही. घोड्याच्या जठरात आम्ल सतत पाझरते, त्याला सौम्य करणारी लाळ मात्र चावतानाच सुटते. मोकळ्या कुरणात तो दिवसाचे चौदा-सोळा तास चरतो. जाड झालेल्या किंवा लॅमिनायटिसचा (खुराच्या आतील थरांच्या सुजेचा) धोका असलेल्या घोड्याचे गवत नुसते कमी केले, तर तो तासन्‌तास उपाशी उभा राहतो, लाकूड कुरतडतो. अशा वेळी गवताचा काही भाग काडाने भरून काढला की ऊर्जा घटते आणि चघळणे चालू राहते. 500 किलोच्या घोड्याला दिवसाकाठी किमान साडेसात किलो कोरडी वैरण लागते. त्यातली निम्म्यापर्यंत काडाची चालते. स्वीडनमधील एका प्रयोगात (2021) निम्मी वैरण चांगल्या प्रतीच्या गव्हाच्या काडाची ठेवूनही जठरव्रण वाढले नाहीत आणि घोडे अधिक वेळ खात राहिले. याउलट डेन्मार्कमधील पाहणीत (2009) ज्यांना काडाखेरीज दुसरी वैरणच नव्हती, त्या घोड्यांत जठरव्रणांचा धोका चौपटीहून जास्त आढळला.

दुसरा धोका आतडे तुंबून होणाऱ्या पोटशूळाचा. काड एकदम सुरू केले, पाणी कमी पडले किंवा दात झिजलेले असले की तो वाढतो. म्हणून काड दोन-तीन आठवड्यांत हळूहळू वाढवावे, पाणी कायम समोर असावे आणि प्रथिने व खनिजे वेगळी द्यावीत. गाभण व दूध पाजणाऱ्या घोड्या, शिंगरे आणि दात गेलेली म्हातारी जनावरे यांना काडाची वैरण देऊ नये. बुरशीचा वास येणारे, काळवंडलेले किंवा धुळीने भरलेले काड घोड्यापुढे टाकूच नये. त्याची फुप्फुसे धुळीला फार हळवी असतात. जवाच्या काडातले कुसळ तोंडात टोचते.

कोकणात सहज मिळणारा भाताचा पेंढा घोड्यासाठी गव्हाच्या काडापेक्षा हलक्या प्रतीचा ठरतो. त्यात सिलिका जास्त असते आणि त्यातली ऑक्झॅलेटे कॅल्शियम बांधून ठेवतात. ज्वारीच्या हिरव्या, विशेषतः कोवळ्या चाऱ्यापासून घोड्याला कटाक्षाने दूर ठेवावे: त्यातील सायनाइड देणाऱ्या द्रव्यांमुळे मूत्राशयाचा दाह होतो आणि मागचे पाय लुळे पडतात.