बोरघाटाचा रेल्वेमार्ग

मध्य रेल्वेच्या मुंबई–पुणे मार्गावर कर्जतजवळच्या पळसदरीपासून लोणावळ्यापर्यंतचा, सह्याद्री चढणारा टप्पा. रेल्वेच्या कागदांत याचे नाव ‘भोर घाट’ असे पडले असले, तरी भोर शहराशी त्याचा काही संबंध नाही. ते बरेच दक्षिणेला आहे. घाट मूळचा बोरघाटच. आणखी एक गंमत म्हणजे मुंबईहून निघून हा घाट चढणारी गाडी रेल्वेच्या भाषेत ‘डाउन’, आणि उतरणारी ‘अप’.

ग्रेट इंडियन पेनिन्शुला रेल्वेचे मुख्य अभियंता जेम्स बर्कली यांनी मार्गाची आखणी केली आणि जानेवारी १८५६ मध्ये काम सुरू झाले. अंतर सुमारे २५ किमी, चढ १,८३१ फूट, आणि सर्वांत तीव्र ठिकाणी ३७ फुटांमागे १ फूट. मूळ मार्गावर २५ बोगदे आणि ८ मोठे पूल होते. खंडाळा ते पुणे हा वरचा भाग १८५८ मध्येच सुरू झाला होता. त्यामुळे पुढची पाच वर्षे प्रवासी खोपोलीला उतरत, पालखीतून किंवा तट्टावरून घाट चढत आणि वर पुन्हा गाडीत बसत.

पहिला कंत्राटदार विल्यम फॅव्हिएल याच्या कामावर मजुरीवरून जानेवारी १८५९ मध्ये दंगल झाली आणि त्याने लवकरच कंत्राट सोडले. त्याच्या जागी आलेला सॉलोमन ट्रेडवेल भारतात पोचल्यावर काही आठवड्यांतच वारला. कंत्राट त्याची पत्नी ॲलिस हिने चालू ठेवले. १८६१ च्या सुरुवातीला कामावर ४२ हजारांवर माणसे होती. कॉलरा, ताप आणि सुरुंगांनी त्यांतली असंख्य गेली. त्यांची नावे कुठे नोंदलेली नाहीत. लोकस्मृतीत राहिला तो शिंग्रोबा, इंग्रजांना घाटाची वाट दाखवणारा धनगर. वाट दाखवल्यावर त्यालाच गोळी घातली, अशी कथा आहे. त्याचे देऊळ जुन्या घाटरस्त्यावर आहे. बर्कली १८६२ मध्ये इंग्लंडमध्ये वारले, आणि घाट १८६३ मध्ये खुला झाला.

मार्गाची खरी ओळख होती ते खंडाळ्याखालचे ‘रिव्हर्सिंग स्टेशन’. वळण घ्यायला डोंगरात जागाच नसल्याने गाडी एका बंद टोकाशी जाऊन थांबे, इंजिन दुसऱ्या बाजूला जोडले जाई आणि गाडी उलट्या दिशेने पुढचा चढ घेई. १९२९ मध्ये नवे बोगदे खोदून हा प्रकार संपवला. त्या जुन्या मार्गावरचा, जाहिरातीमुळे ‘अमृतांजन’ नाव पडलेला पूल द्रुतगती मार्गासाठी एप्रिल २०२० मध्ये पाडला गेला.

चढण्यासाठी जास्तीचे इंजिन लावता येते. भीती असते ती उताराची. सुरुवातीच्या काळात सगळ्या गाडीला एकदम लागणारे ब्रेक नव्हते. ब्रेकच्या डब्यांत माणसे बसवत आणि ती हाताने चाक फिरवून डबा आवळत. म्हणून घाटात ‘कॅच साइडिंग’ ठेवल्या. ही मुख्य मार्गातून फुटून उलट चढावर जाणारी आंधळी वाट. सांधा, म्हणजे गाडीला एका रुळावरून दुसऱ्यावर वळवणारी सरकती जोडणी, नेहमी तिच्याकडेच लावलेला असतो. उतरणाऱ्या गाडीने आधी थांबून दाखवायचे, मगच सांधा मुख्य मार्गाला लागतो. ताबा सुटलेली गाडी थांबणार नाही. ती आपोआप त्या वाटेवर जाईल आणि चढाने तिचा वेग मरेल. म्हणजे इथे गाडी सुटलेलीच आहे असे धरून चालायचे, आणि ती सुटलेली नाही हे चालकाने सिद्ध करायचे! शंभर सूचनाफलकांपेक्षा ही रीत शहाणपणाची वाटते.

कल्याण–पुणे विद्युतीकरण १९२९–३० मध्ये झाले आणि १ जून १९३० रोजी डेक्कन क्वीन धावू लागली. मालगाड्यांना लांब नाकाडाची विजेची इंजिने आली. चालताना बाहेरचे दांडे हलवत जाणारे हे इंजिन कर्मचाऱ्यांत ‘खेकडा’ म्हणून ओळखले जाई. उतरताना त्याच्या मोटारी उलट वीज तयार करून तारेत परत पाठवत, त्यामुळे ब्रेकवरचा भार हलका होई.

चढताना मात्र आजही मागून रेटा लागतो. कर्जतला गाडीच्या शेपटाला ‘बँकर’ इंजिने जोडतात. त्या दोन-चार मिनिटांच्या थांब्यावर कर्जतचा वडा प्रसिद्ध झाला.

ठाकूरवाडी, नागनाथ, मंकी हिल ही घाटातली ठाणी पावसाळ्यात बातम्यांत येतात, ती बहुधा दरडींमुळे. जुलै १८६७ मध्ये महूकीमळीचा दगडी पूलच कोसळला होता. २०१९ च्या पावसात मंकी हिल–नागनाथ दरम्यान मार्ग इतका खचला, की अनेक आठवडे गाड्या रद्द कराव्या किंवा वळवाव्या लागल्या. म्हणून पावसाळ्यापूर्वी रेल्वेचे कामगार दोर बांधून कड्यांवर चढतात आणि सुटू पाहणारे दगड पहारीने आधीच खाली पाडतात.