पगार जास्त म्हणून रेस्पाइट नाही?

अमेरिकेतल्या मराठी पालकांमध्ये एक फॉरवर्ड वर्षानुवर्षं फिरतोय: "आईवडिलांचा पगार चांगला असेल तर दिव्यांग मुलाला मेडिकेड नाही, म्हणजे रेस्पाइटही नाही."

असं वाटणं साहजिक आहे, कारण नेहमीच्या मेडिकेडमध्ये, म्हणजे कमी उत्पन्नाच्या लोकांसाठीच्या सरकारी आरोग्य विम्यात, घरचं उत्पन्न मोजतातच. पण रेस्पाइट, म्हणजे पालकांना जरा उसंत मिळावी म्हणून काही तास दुसऱ्या कुणी मूल सांभाळणं, बहुतेक वेळा 'वेव्हर'मधून मिळतं, म्हणजे मेडिकेडचे काही नेहमीचे नियम बाजूला ठेवून घरीच मदत देणाऱ्या राज्याच्या योजनेतून. अशा योजनांची मुभा राज्यांना १९८१च्या कायद्याने दिली. मुलाची गरज संस्थेत ठेवावं लागेल इतकी असेल, तर बऱ्याच वेव्हरमध्ये फक्त मुलाचंच उत्पन्न आणि मालमत्ता धरतात. सात वर्षांच्या पोराची कमाई ती किती असणार!

खरी अडचण निराळीच आहे: प्रतीक्षायादी. जागा मोजक्या, तासांनाही मर्यादा. राज्य बदललं की पुन्हा नव्याने अर्ज.

पडताळायचं तर आपल्या राज्याच्या मेडिकेड संकेतस्थळावर मुलांच्या वेव्हरची पात्रता वाचा. फोनवर एवढंच विचारा, "उत्पन्न कुणाचं मोजता, आमचं की मुलाचं?" तोंडी 'नाही' ऐकून थांबू नका. अर्ज भरा, नकार लेखी मागा. अपील कसं आणि किती दिवसांत करायचं, हे त्या पत्रातच लिहिलेलं असतं.